काम बाहेर, माप घरात

टेबलावर बसेल एवढा छोटा लेथ (धातूचा तुकडा फिरवून त्याला आकार देणारं यंत्र) बनवायचा म्हटला तरी भागांची यादी लांबच लांब होते. बेड, हेडस्टॉक, स्पिंडल, सॅडल, क्रॉस-स्लाइड, टेलस्टॉक, लीडस्क्रू, गिअर, हँडव्हील, डायल, पत्र्याचा ट्रे, शिवाय मोटर आणि वायरिंग. यातलं बेअरिंग, मोटर, बेल्ट, नटबोल्ट छोटा कारखानदार स्वतः करत नाही. चकही (जॉब पकडणारा पंजा) बहुतेक जण विकतच घेतात. प्रश्न उरतो तो बाकीच्या भागांचा. कुठला भाग आपल्या शेडमध्ये करायचा आणि कुठला जॉबवर्कला बाहेर धाडायचा? आमच्या धंद्यात याचं उत्तर सहसा दर बघून दिलं जातं. बाहेरचा माणूस तासाला कमी घेतो ना, मग द्या त्याला. मला ही पद्धत मुळातच चुकीची वाटते. कोकणात तर तिच्या पायी धंदा बसतो, कारण इथे चुकीचा भाग परत पाठवायचा म्हणजे घाट चढायचा.

मी कुडाळच्या औद्योगिक वसाहतीत हे काम करतो. आमचं गिऱ्हाईक म्हणजे आयटीआय, तंत्रनिकेतनं, मालवण-देवगडकडे बोटींची इंजिनं दुरुस्त करणारे मेस्त्री, काजू कारखान्यांची यंत्रं सांभाळणारी माणसं. बिडाचं ओतकाम कोल्हापूरहून किंवा बेळगावहून येतं. गिअर तिकडूनच. हार्डनिंगही तिकडेच. म्हणजे लेथ कोकणात बनतो म्हणताना त्याचं बरंचसं अंग घाटावरून खाली येतं, आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. कमीपणा वाटेल तो एका गोष्टीचा: भाग खाली आला आणि तो बरोबर आहे की नाही हे सांगायची ताकद आपल्याकडे नसली, तर.

सगळं घरातच केलं पाहिजे असं म्हणणारी एक जुनी, मानी परंपरा आपल्याकडे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडल रोडच्या माळावर कारखाना हलवला तेव्हा आजूबाजूला ना फाउंड्री होती ना गिअर कापून देणारा कोणी. नांगराचं ओतकाम, मशीनिंग, जोडणी सगळं एका आवारात आणणं भागच होतं. पुढे १९४१ मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर सुरू झाली आणि तिथले लेथ देशभरच्या वर्कशॉपमध्ये पोचले. त्या पिढीने घालून दिलेला धडा मोठा आहे, पण तो त्या काळच्या गरजेतून आला होता. आज शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा बेळगावची उद्यमबाग इथे एक चक्कर मारली तर ओतकामाच्या पॅटर्नपासून गिअरचे दात कापणाऱ्या हॉबिंगपर्यंत एकेका कामात मुरलेली माणसं भेटतात. महिन्याला मोजके बेड लागणाऱ्या कारखानदाराने स्वतःची भट्टी लावली तर ती पेटवण्याइतकंसुद्धा काम निघणार नाही. भट्टीला रोज चार्ज, म्हणजे वितळवायचा माल, लागतो, वाळू लागते, मोल्डर लागतात. हट्टाने घरात आणलेलं असं काम पैसाही खातं आणि लक्षही खातं.

दुसरं टोक त्याहून जास्त दिसतं. चीनमध्ये बनणारा सात इंची मिनी लेथ जगभर वेगवेगळ्या रंगांत, वेगवेगळ्या नावांनी विकला जातो. आतलं अंग बहुतांशी तेच. विकणारा रंग निवडतो, नावाची पाटी लावतो, खोका पाठवतो. तो घेणारे हौशी कारागीर पहिलं काम काय करतात? यंत्र पूर्ण सोडवतात, आतली ओतकामाची वाळू आणि चिकट ग्रीस धुतात, स्लाइडमधला सैलपणा काढणाऱ्या गिब पट्ट्या घासून बसवतात, मग पुन्हा जोडतात. म्हणजे कारखान्याने करायचं शेवटचं काम गिऱ्हाईक करतं. आपल्याकडेही असे लेथ पाहिले आहेत, ज्यांचा प्रत्येक भाग बाहेरून आलेला, मालकाच्या शेडमध्ये फक्त पाने आणि रंगाचा पंप. असा मालक तक्रार आल्यावर फोन फिरवत राहतो, कारण दोष कुठे आहे हे त्यालाच ठाऊक नसतं.

या दोन टोकांच्या मध्ये कुठे उभं राहायचं हे ठरवायला मी एकच कसोटी लावतो. एखादा भाग चुकून आला, तर ती चूक मला जोडणीच्या आधी, माझ्या टेबलावर, माझ्या साधनांनी पकडता येईल का? येत असेल तर तो भाग खुशाल बाहेर जाऊ दे, दर चार पैसे जास्त पडला तरी. येत नसेल, किंवा त्या भागाचं माप दुसऱ्या एखाद्या भागाशी जखडलेलं असेल, तर ते काम घरातच झालं पाहिजे, दर कितीही महाग पडो.

हँडव्हीलचंच बघा. त्याचा बोअर, म्हणजे मधलं भोक, तपासायला प्लग गेज पुरतं. ‘गो’ बाजू आत गेली, ‘नो-गो’ बाजू अडली, काम संपलं. घाटावर, गोव्यात, कुठेही करून घ्या. पत्र्याचा ट्रे, मोटरचा ब्रॅकेट, पुली, बुश, लिव्हर, सगळी याच जातीची. गिअर थोडे अवघड, पण त्यांचाही मार्ग निघतो, तो पुढे सांगतो.

स्पिंडल, म्हणजे चक आणि जॉब फिरवणारा मुख्य दांडा, मात्र वेगळा आहे. तो कोल्हापुरात टर्निंग करून आणा, हार्डनिंग करून आणा, बाहेरून ग्राइंड करून आणा, हरकत नाही. पण त्याच्या नाकातला मोर्स टेपर, म्हणजे पुढच्या टोकाचं निमुळतं भोक? तो सुट्या स्पिंडलवर कितीही काळजीपूर्वक ग्राइंड केला तरी स्पिंडल हेडस्टॉकमध्ये, म्हणजे त्याला धरणाऱ्या पेटीत, स्वतःच्या बेअरिंगमध्ये बसला की गोष्ट बदलते. बेअरिंगच्या आतल्या रिंगमध्ये थोडा रनआउट (फिरताना होणारं डुलणं) असतो, बसवताना शाफ्टला थोडा ताण येतो, आणि टेपर केंद्रापासून काही मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) सरकतो. म्हणून चांगला कारागीर स्पिंडल आधी हेडस्टॉकमध्ये कायमचा बसवतो, बेअरिंगचा प्रीलोड (खेळ काढणारा आधीचा दाब) लावतो, थोडा वेळ फिरवून गरम होऊ देतो आणि मग तो स्वतःच्याच बेअरिंगवर फिरत असताना टेपरवर शेवटचा हात फिरवतो. त्यानंतर तिथे डायल गेज लावलं की काटा हलेनासा होतो. हे काम जोडणीचाच भाग आहे. ते कोणाला चलानवर पाठवणार? टेलस्टॉकचा, म्हणजे समोरून जॉबला आधार देणाऱ्या भागाचा, बोअरही तसाच. बेडवर, हेडस्टॉकच्या केंद्राशी जुळवून, हेडस्टॉकमधूनच बोअरिंग बार फिरवून तो शेवटच्या मापाला नेला, तर दोन्ही केंद्रं एका रेषेत येतात. वेगवेगळ्या गावी केलेले दोन अचूक बोअर एकमेकांसमोर अचूक बसतीलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही.

आता बेड, म्हणजे बाकी सगळं ज्यावर बसतं तो बिडाचा पाया. लेथचा सगळा खरेपणा त्याच्यावर उभा असतो, आणि घरचं काम व बाहेरचं काम यांची खरी गुंतागुंतही इथेच होते. ओतलेल्या बिडात आतले ताण साठलेले असतात. पातळ भाग आधी थंड होतो, जाड भाग मागाहून, आणि दोघं एकमेकांना ओढत राहतात. वरची साल मशीनने काढली की तो समतोल मोडतो आणि बेड हळूहळू वाकतो, कधी पिळतो. जुन्या काळी कच्चे बेड महिनोन्‌महिने उघड्यावर ऊनपावसात टाकून ठेवत, ते याचसाठी. आता साडेपाचशे अंशांच्या आसपास तापवून, भट्टीतच सावकाश थंड करून ताण काढतात. क्रम महत्त्वाचा आहे: आधी रफ मशीनिंग, मग ताण काढणं, मग फिनिश. घाई करणारा माणूस मधली पायरी गाळतो. बेड त्या दिवशी सरळच दिसतो, लेव्हलवरही सरळ येतो. वाकतो तो तीन-चार महिन्यांनी, गिऱ्हाईकाच्या वर्कशॉपमध्ये.

म्हणून आम्ही बेडचं काम तोडून दिलं आहे. ओतकाम, रफ प्लेनिंग आणि भट्टी घाटावर. खाली आल्यावर बेड काही आठवडे नुसता ठेवायचा. मग गाइडवेचं, म्हणजे सॅडल ज्यावर सरकतं त्या पट्ट्यांचं, ग्राइंडिंग. आणि त्यानंतर घरात, हाताने, स्क्रेपिंग. सरळ पट्टीला निळा रंग लावून ती बेडवर फिरवायची, जिथे निळं उमटलं ती उंच जागा, तिथून स्क्रेपरने पातळ कीस काढायचा, पुन्हा निळं, पुन्हा कीस, जोवर एका चौरस इंचात दहा-बारा ठिपके सारखे पसरत नाहीत तोवर. हे काम करणारा आमचा फिटर सावंतवाडीकडचा. पट्टी उचलल्यावर तो आधी बेडकडे बघतच नाही, पट्टीकडे बघतो. रंग कुठून गेला ते तिथे आधी दिसतं असं त्याचं म्हणणं. एकदा नवा पोरगा कंटाळून म्हणाला, “मेस्त्री, आता पुरे ना?” तो एवढंच बोलला, “मधी पोकळ आसा. बघ.” आणि पट्टीच्या मध्ये जसाच्या तसा राहिलेला निळा रंग दाखवला. ही नजर बाहेरून विकत आणता येत नाही. ती आपल्या शेडमध्ये नसेल तर बेड कोणाकडून आणला याला काही अर्थ उरत नाही.

पण इथेच माझी कसोटी मला अडचणीत आणते, हेही सांगितलं पाहिजे. स्क्रेपिंगच्या आधीचं गाइडवे ग्राइंडिंग घरात असायला हवं, कारण ते एका फेरीत होणारं काम नाही. बेड ग्राइंड होतो, तपासला जातो, अमुक बाजूला अमुक इतका पीळ निघतो, पुन्हा बांधून पुन्हा पातळ पास घ्यावा लागतो. मशीन शेजारी असेल तर हे दुपारपर्यंत आटोपतं. मशीन घाटावर असेल तर प्रत्येक फेरीला टेम्पो, हमाली, पावसाळ्यात ताडपत्री आणि आठवडा. मग माणूस काय करतो? फेऱ्या कमी करतो. ‘चालेल’ म्हणतो आणि उरलेलं स्क्रेपिंगवर ढकलतो. तिकडे फिटरचे चार दिवस वाढतात. गाइडवे ग्राइंडर एका छोट्या कारखान्याने घ्यावा तर तो वर्षातले बहुतेक दिवस उभा राहील, इतकं काम नाही. म्हणजे हे काम घरात हवं, पण एका घराला परवडत नाही.

घाटाचा हा अडथळा वरून येणाऱ्यांना कळत नाही. २०२४ मध्ये करूळ घाट रस्त्याच्या कामासाठी दीर्घकाळ बंद होता. कोल्हापूरचा माल फोंडा किंवा भुईबावड्याकडून फिरून येत होता. पावसाळ्यात दरड आली की तेही रस्ते अडतात. त्यावर सणांची भर. गणपतीत कोकणातलं वर्कशॉप आठवडाभर उघडत नाही, उघडावं असं मला वाटतही नाही, आणि आमची सुट्टी संपते तोवर घाटावरच्या शॉपला दसऱ्या-दिवाळीच्या ऑर्डरींची घाई लागलेली असते. म्हणून आमच्याकडे घरात जशी आगोटीची बेगमी होते तशीच वर्कशॉपमध्येही मे अखेर करावी लागते: दसऱ्यापर्यंत पुरतील एवढे गिअर, कास्टिंग आणि बेअरिंग आणून ठेवायचे. यात भांडवल अडकतं. बाहेरचा दर स्वस्त म्हणणारे हे अडकलेलं भांडवल हिशेबात धरत नाहीत.

आणि हवा. कुडाळपासून समुद्र पंचवीस-तीस किलोमीटर, पण जून ते सप्टेंबर बिडाचा उघडा पृष्ठभाग रात्रीत तांबूस होतो. देवगड-मालवणच्या किनाऱ्यावर तर खारं वारं बाराही महिने. घाटावरून रात्री निघालेला थंड लोखंडी माल पहाटे खालच्या दमट हवेत आला की त्याला घाम फुटतो. ताडपत्रीखाली तो सुकत नाही. तेल न लावता पाठवलेला ग्राइंडिंगचा भाग इथे उतरेपर्यंत गंजलेला असतो आणि मग कोणाची चूक यावर वाद. आम्ही आता प्रत्येक ऑर्डरवर लिहितो: गंजरोधक तेल, गंजरोधक कागद, उघड्या हाताने पॅकिंग नको. साधी ओळ आहे. ती लिहायला लागल्यापासून वाद थांबले.

तापमानाचा मुद्दा याहून कमी जणांना पटतो. माप २० अंश सेल्सिअसला धरलं जातं, हा जगाचा नियम. लोखंडी भाग लोखंडी मायक्रोमीटरने मोजला तर दोघंही सारखेच फुगतात, फारसं बिघडत नाही. पण ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. १०० मिलिमीटरची ॲल्युमिनियमची पुली एसी खोलीत २० अंशांत मोजली आणि तीच आमच्या शेडमध्ये मे महिन्यात ३५ अंशांत, तिथल्याच तापलेल्या लोखंडी मायक्रोमीटरने मोजली, तर सतरा मायक्रॉनच्या आसपास फरक दिसतो. ना भाग बदलला ना माणूस. मोजायची जागा एक नसेल तर दोन प्रामाणिक माणसंही एकमेकांना खोटं ठरवतात.

गिअरची गोष्ट आता सांगतो. एका लॉटमध्ये बोअर सगळे गेजमध्ये बसले, दातही ठीक, तरी जोडल्यावर हेडस्टॉक गुरगुरायला लागला. शोधल्यावर कळलं की बोअर आणि फेस एका सेटिंगमध्ये न करता भाग उलटा धरून केला होता. फेस बोअरला काटकोनात नव्हता, गिअर डुलत होता. ड्रॉइंगवर ते स्पष्ट लिहिलेलं होतं. पण ते काम करणाऱ्या माणसाकडे तपासायला मँड्रेलच (बोअरमध्ये घालून भाग फिरवून बघायचा अचूक दांडा) नव्हतं. त्याला दोष देऊन लॉट परत करणं सोपं होतं. त्याच्याशी बोललो तेव्हा तो म्हणाला, “गेज तुम्हीच द्या की सायेब. मग मलाबी कळंल कुठं चुकतंय.” आता प्रत्येक लॉटबरोबर मँड्रेल आणि प्लग गेज जातं, त्याच जोडीचं दुसरं आमच्याकडे राहतं. पहिला नग होतो, तो इकडे येतो, तपासून होतो, मगच बाकीचे चढतात. काम बाहेर गेलं तरी मापाची मालकी घरात राहिली पाहिजे, असं मी म्हणतो ते या अर्थाने. जॉबवर्करला ड्रॉइंग दिलं आणि तपासायचं साधन दिलं नाही, तर आपण त्याला अर्धंच काम सांगितलं.

त्याच्या पैशांबद्दलही बोललं पाहिजे, कारण बाहेरच्या कामाचा दर्जा बरेचदा तिथे ढासळतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे चुकते करायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्यागणिक चक्रवाढ व्याज. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरातही तरतूद केली: सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे या मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजावटीला मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. कायदा चांगला आहे. पण आमच्या साखळीत प्रत्येक जण वरच्याकडून उशिरा घेतो आणि खालच्याला उशिरा देतो. संस्थेकडून बिल निघायला महिने जातात. लेथवाला ते कारण गिअरवाल्याला सांगतो. गिअरवाला तक्रार करत नाही, कारण उद्या काम हवं असतं. आणि जो एका शेडमध्ये दोन जुन्या मशीनवर काम करतो त्याची उद्यम नोंदणीसुद्धा अनेकदा नसते, मग कायद्याचं कवच त्याला लागूच होत नाही. असा माणूस काय करतो? ज्याचे पैसे वेळेवर येतात त्याचा जॉब आधी चढवतो, आणि उशिरा देणाऱ्याच्या जॉबवर घासलेलं टूल चालवतो. यात त्याचा दोष मी धरत नाही. लेथ बनवणाऱ्यांनी आपल्या जॉबवर्करची नोंदणी स्वतः पुढाकार घेऊन करून द्यावी आणि संस्थेचं बिल अडकलं तरी त्याचं देणं थांबवू नये. मोठ्या कंपन्यांकडून आपण जी वागणूक मागतो ती आधी खालच्याला दिली पाहिजे.

इथून प्रश्न एका कारखानदाराचा राहत नाही. गेली तीन दशकं कोकणात उद्योगाची चर्चा म्हणजे दाभोळचा वीज प्रकल्प, जैतापूर, नाणार, मग बारसू. बाजूने आणि विरोधात गावंच्या गावं उभी राहिली. त्या वादात मी इथे शिरत नाही, त्यातले प्रश्न खरे आहेत. पण त्या सगळ्या आवाजात मिरजोळे, खडपोली, कुडाळच्या शेडमध्ये मशीन चालवणाऱ्यांना नेमकं काय हवं हे कोणी विचारलं नाही. त्यांना हजारो एकर जमीन नको आहे. त्यांना हवी आहे सामायिक सोय: एक गाइडवे ग्राइंडर, एक सिलिंड्रिकल ग्राइंडर, ताण काढायची छोटी विजेची भट्टी, आणि २० अंशांत ठेवलेली मापनाची खोली, जिथे ग्रॅनाइट टेबल, अचूक लेव्हल आणि तपासलेली गेज असतील. यातलं एकही यंत्र एका छोट्या कारखान्याला परवडत नाही. पण लेथ बनवणारे, बोटींचे शाफ्ट करणारे, काजू-कोकमाची यंत्रं बनवणारे आणि दुरुस्ती करणारे मिळून ते भरपूर चालवतील.

योजना नाहीत असंही नाही. केंद्राच्या समूह विकास कार्यक्रमात सामायिक सुविधा केंद्राला अनुदान मिळतं, राज्याचीही तशी योजना आहे. अडचण रचनेत आहे. एकाच किंवा मिळत्याजुळत्या वस्तूंचे उत्पादक एका जागी गोळा झालेले आहेत हे गृहीत धरून ती आखली आहे, आणि त्यांनी मिळून कंपनी स्थापन करायची असते. कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांना हे जमतं, कारण ते एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत. आमचे वर्कशॉप खेडपासून बांद्यापर्यंत महामार्गाच्या कडेने विखुरलेले, कोणी शाफ्ट करतो, कोणी नांगर, कोणी लेथ. त्यांना एका वस्तूत बसवता येत नाही. म्हणून माझी मागणी अशी की कोकणात या सोयी शासकीय तंत्रनिकेतन किंवा आयटीआयच्या आवारात उभ्या कराव्यात, जिल्हा नियोजनाच्या निधीतून, आणि तासाच्या दराने कोणालाही खुल्या ठेवाव्यात. एक रत्नागिरीत, एक सिंधुदुर्गात.

यावर मला नेहमी दोन आक्षेप ऐकू येतात. पहिला, सरकारी आवारातलं मशीन दोन वर्षांत गंजतं. खरं आहे, कारण आपण मशीन घेतो आणि चालवणाऱ्याचा पगार मंजूर करत नाही. मशीनच्या किमतीबरोबर पाच वर्षांचा ऑपरेटरचा पगार आणि देखभालीची रक्कम आधी बाजूला ठेवल्याशिवाय खरेदीच होऊ नये. ग्राइंडिंगमध्ये आयुष्य घालवून मुंबई-पुण्याहून गावी परतलेली माणसं आमच्या प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांना बोलवा. दुसरा आक्षेप, राजकोट-बटाल्याचे लेथ स्वस्त मिळतात, मग कोकणात कशाला? आम्हाला त्यांच्याशी किमतीत झुंजायचं नाहीच. मालवणच्या मेस्त्रीचा लेथ हंगामाच्या तोंडावर अडला तर त्याला दोन दिवसांत नट हवा असतो, आणि ज्याने लेथ बनवला तोच तो नट देऊ शकतो. आयटीआयचा लेथ मुलांच्या हाताखाली जातो, तो दर वर्षी पुन्हा जुळवावा लागतो. हे काम दूरचा कारखाना करत नाही आणि करणारही नाही.

आणि मुलं. दर वर्षी इथल्या आयटीआयमधून टर्नर, फिटर, मशीनिस्ट दोन-दोन वर्षं शिकून बाहेर पडतात आणि चाकण-तळोज्याच्या गाड्या धरतात. तिथे बहुतेकांच्या वाट्याला एका मशीनवर एकच भाग चढवायचं आणि उतरवायचं काम येतं. आम्ही सगळे भाग बाहेरून आणून नुसती जोडणी केली तर इथेही त्यांना तेवढंच मिळेल. स्पिंडलच्या नाकावर शेवटचा हात फिरवणं, बेडवरचे निळे ठिपके वाचणं, पट्टीच्या मध्ये तसाच राहिलेला रंग ओळखणं, ही कामं आम्ही घरात ठेवतो ती अचूकतेसाठी, पण त्यातूनच एखादा मुलगा इथे कारागीर होतो. कुठलं काम घरात ठेवायचं याचा निर्णय घेताना मी आता हेही धरतो, आणि सहकाऱ्यांनाही धरायला सांगतो.

जर्मन अभियंता गेओर्ग श्लेझिंगर यांनी १९२७ मध्ये यंत्रांच्या अचूकतेच्या चाचण्या मांडल्या, आणि आजही लेथ त्याच पद्धतीने तपासला जातो: बेडचा पीळ, स्पिंडलचा रनआउट, टेलस्टॉकची उंची, आणि शेवटी एक जॉब चकमध्ये धरून दोन टोकांना हलका कट मारून दोन्ही व्यास जुळतात का ते बघणं. आमच्या लेथबरोबर या चाचण्यांत आलेल्या मापांचा तक्ता सहीसह जातो. कोकणातल्या प्रत्येक लेथ बनवणाऱ्याने आणि दुरुस्ती करणाऱ्याने तो द्यावा, आणि संस्थांनी निविदेत तो मागावा. निविदेत अश्वशक्ती, लांबी, वजन मागतात, तक्ता मागत नाहीत, म्हणूनच नुसती पाटी लावून विकणारा आणि बेड स्क्रेप करणारा एकाच रांगेत उभे राहतात आणि कमी दराचा जिंकतो. ही एक अट निविदेत घालायला नवा निधी लागत नाही. सामायिक केंद्र होईल तेव्हा होईल, पण पुढच्या खरेदीच्या कागदात हा तक्ता घालता येईल. तंत्रनिकेतनांच्या प्राचार्यांनी आणि आयटीआयच्या गटनिदेशकांनी तो मागायला सुरुवात करावी, आणि लेथ उतरवून घेताना डायल गेज हातात घेऊन तो पडताळून पाहावा.